धातूचा कंठ, काचेचे बोट

वाद्यांचा इतिहास लिहिताना बहुधा दोन वाटा धरल्या जातात. पहिली वाट देवादिकांपासून निघते. अमुक वाद्य अमुक देवतेच्या हातचे, अमुक ऋषीने ते भूलोकी आणले, असे सांगून ती मोकळी होते. दुसरी वाट पेटंटच्या कागदांवरून जाते. कोणी, कोणत्या साली, कोणत्या क्रमांकाने नोंदणी केली, यावर ती इतिहास संपवते. दोन्ही वाटांवर वाजवणाऱ्याचा हात मात्र क्वचितच भेटतो. आवाजाची गरज त्या हाताला आधी भासते आणि वाद्य त्या गरजेमागून येते, ही साधी गोष्ट त्यामुळे नजरेआड होते.

धातूच्या अंगाची रेझोनेटर गिटार हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे वाद्य आहे. तिचा जन्म कोणत्या शहरात, कोणाच्या हातून झाला, याची चोख नोंद उपलब्ध आहे. एवढी नोंद असूनही तिचा स्वर कोणाचा, हा प्रश्न सुटत नाही. या प्रश्नाच्या मागे जाताना लॉस एंजेलिस, हवाई बेटे, मिसिसिपी, कलकत्ता आणि शेवटी आपले देवगिरीसुद्धा वाटेत येते. प्रस्तुत लेखात हा प्रवास थोडक्यात मांडण्याचा प्रयत्न आम्ही केला आहे.

आवाजाची टंचाई

१९२०च्या दशकातील अमेरिकन नृत्यगृहाची कल्पना करावी. सॅक्सोफोन आहे, ट्रम्पेट आहे, ढोल आहे, कडकडीत आवाजाचा बँजो आहे. या गर्दीत लाकडी गिटार वाजवणाऱ्याची बोटे दिसत, स्वर ऐकू येत नसे. विजेवर आवाज वाढवण्याची सोय वाद्यांपर्यंत अजून पोचलेली नव्हती. जो काही आवाज काढायचा तो वाद्याच्या अंगातूनच काढणे भाग होते.

जॉर्ज बोशाँ हा मूळचा टेक्ससचा, रंगमंचावर हवाई पद्धतीची गिटार वाजवणारा कलावंत. ही टंचाई त्याला रोजची होती. लॉस एंजेलिसमध्ये तो जॉन डोपेरा या कारागिराकडे गेला. डोपेरा १८९३ साली आजच्या स्लोव्हाकियात, म्हणजे तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात जन्मला आणि १९०८ मध्ये कुटुंबासह कॅलिफोर्नियात आला. व्हायोलिन आणि बँजो घडवणे हा त्याचा व्यवसाय. दोघांनी पहिल्यांदा ग्रामोफोनसारखा कर्णा गिटारीला जोडून पाहिला. तो प्रयोग फसला. मग डोपेराने कर्ण्याचा नाद सोडला आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याचे शंकू करून पाहिले.

या युक्तीचे मर्म समजून घेणे इष्ट आहे. साध्या गिटारीत तारांचे कंपन घोडीतून लाकडी पृष्ठभागात उतरते आणि ती लाकडी फळी हवा हलवते. डोपेराच्या गिटारीत घोडी थेट ॲल्युमिनियमच्या शंकूवर बसते. शंकू अतिशय हलका असल्यामुळे तारेचा लहानसा आघातही त्याला पुरतो. तो आजच्या लाऊडस्पीकरच्या पडद्याप्रमाणे हवेला ढकलतो. बाकीचे धातूचे अंग स्वतः फारसे थरथरत नाही; ते शंकूला धरून ठेवते आणि त्याचा आवाज पुढे सोडते. पहिल्या रचनेत सुमारे सहा इंच व्यासाचे तीन शंकू होते आणि इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराची एक पट्टी त्यांना जोडत होती. १९२७ साली डोपेराने या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. 'नॅशनल' हे नाव घेऊन कंपनी उभी राहिली. धातूची अंगे ठोकण्याचे काम जवळच कारखाना असलेल्या ॲडॉल्फ रिकनबॅकरकडे गेले. पुढे विजेच्या गिटारीच्या इतिहासात अजरामर झालेले रिकनबॅकर हे नाव ते हेच.

भांडवल कसे उभे राहिले याचीही एक कथा सांगितली जाते. बोशाँने एका श्रीमंत नातलगाच्या मेजवानीत सोल होओपी या हवाईच्या नामवंत वादकाचे त्रिकूट नेले आणि नव्या वाद्यावर वाजवायला लावले. यजमान इतके खूश झाले की त्याच रात्री साडेबारा हजार डॉलरचा धनादेश लिहिला गेला. कथेला थोडे मीठमसाला लागले असेल. तरी तिच्यातील एक तपशील आम्हाला मोलाचा वाटतो. वाद्य स्लोव्हाक कारागिराने केले, कल्पना टेक्ससच्या माणसाची होती. ते विकले मात्र हवाईच्या हाताने.

पहिल्या तीन-शंकू गिटारी जर्मन सिल्व्हरच्या होत्या. या धातूत नावापुरतीही चांदी नसते. तांबे, निकेल आणि जस्त यांचे ते मिश्रण. त्यांच्यातील महागड्या नमुन्यांवर वेलबुट्टी कोरलेली असे. साध्यातल्या साध्या नमुन्याची किंमत १२५ डॉलर, तर सर्वांत नक्षीदार नमुन्याची १९५ डॉलर. त्या काळी ही रक्कम सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. लवकरच साडेनऊ इंचांचा एकच शंकू असलेली स्वस्त रचना आली आणि तिच्यावरूनच भागीदारांत वितुष्ट आले. डोपेरा १९२९ मध्ये बाहेर पडला आणि भावांसह त्याने 'डोब्रो' काढली. डोपेरा ब्रदर्स या शब्दांची ती आद्याक्षरे, आणि स्लोव्हाक भाषेत 'डोब्रो' म्हणजे 'चांगले'. तिचे अंग बहुतांशी लाकडी आणि शंकू उलटा, वाडग्यासारखा ठेवलेला. ती पुढे अमेरिकेच्या ग्रामीण संगीतात रुळली. तिची कथा स्वतंत्र आहे; इथे आपण धातूच्या अंगाबरोबरच राहू.

लाइएचा मुलगा

बोशाँला मोठ्या आवाजाची गिटार हवी होती, कारण तो हवाई पद्धतीने वाजवत होता. ही पद्धत कोणती आणि ती कोठून आली, हे पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

हवाई बेटांवर गिटार पोचली ती एकोणिसाव्या शतकात. राजा तिसरा कामेहामेहा याने १८३०च्या दशकात मोकाट गुरे आवरण्यासाठी मेक्सिकन गुराखी बोलावले आणि त्यांच्यासोबत गिटारही आली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हवाईच्या लोकांनी तारा सैल करून त्या एकमेकींशी जुळणाऱ्या स्वरांत लावल्या. न दाबता सर्व तारा छेडल्या तरी एक सुरेल मेळ उमटावा, अशी ती जुळणी. त्यानंतर एकाने पुढचे पाऊल टाकले. बोटाने तार पडद्यावर दाबण्याऐवजी त्याने पोलादाचा गुळगुळीत तुकडा तारेवरून सरकवला.

हा मान सहसा जोसेफ केकूकू याला दिला जातो. ओआहू बेटावरील लाइए गावी १८७४ साली जन्मलेल्या या मुलाने शाळकरी वयात, १८८०च्या दशकात, ही रीत शोधली आणि होनोलुलूच्या कामेहामेहा शाळेत ती घासून पक्की केली. रेल्वेरुळाजवळ सापडलेला खिळा तारेवर घासला गेला आणि त्यातून हे सुचले, अशी आख्यायिका आहे. केकूकूने १९०४ मध्ये बेटे सोडली. अमेरिकेत व युरोपात त्याने वाजवले आणि शिकवले. १९३२ साली न्यू जर्सीत, घरापासून हजारो मैलांवर, त्याचा मृत्यू झाला.

सालांकडे जरा लक्ष द्यावे. १८९३ मध्ये अमेरिकन व्यापाऱ्यांच्या गटाने हवाईची राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत केले. १८९८ मध्ये बेटे अमेरिकेने आपल्यात सामील करून घेतली. राणी स्वतः गीतकार होती. ज्या पिढीचे राज्य गेले, त्याच पिढीची गाणी मग अमेरिकेच्या रंगमंचावर गाजू लागली. १९१२ मध्ये न्यूयॉर्कला आलेले 'द बर्ड ऑफ पॅरडाइज' हे नाटक आणि १९१५ चे सॅन फ्रान्सिस्कोचे जागतिक प्रदर्शन यांनी हवाई संगीताचे वेड देशभर नेले. नॅशनलच्या एका लोकप्रिय निकेल-मुलामा दिलेल्या गिटारीच्या अंगावर ताडाची झाडे आणि समुद्रकिनारा उमटवलेला असे. ज्यांचा देश गेला त्यांचे निसर्गचित्र वाद्यावर आले. डायर स्ट्रेट्स या गटाच्या १९८५ च्या 'ब्रदर्स इन आर्म्स' या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर जी चकचकीत गिटार ढगांत तरंगताना दिसते, ती याच जातीची.

दुसरा आवाज

ही गिटार मुख्यतः मांडीवर आडवी ठेवून वाजवणाऱ्या हवाई पद्धतीच्या वादकांसाठी काढलेली होती. सर्वांत महागडे नमुने अनेकदा चौकोनी दांडीचे असत, म्हणजे ते उभे धरून वाजवताच येत नसत. परंतु वाद्य दुकानातून बाहेर पडले की त्यावर कारागिराचा हक्क उरत नाही.

शिकागोत टॅम्पा रेड या कृष्णवर्णीय वादकाने १९२८ मध्ये सोन्याचा मुलामा दिलेल्या तीन-शंकू नॅशनलवर ध्वनिमुद्रण केले आणि 'सोनेरी गिटारवाला' ही ख्याती मिळवली. बाटलीच्या गळ्याची काच बोटात चढवून तो एकेका तारेवर नाजूक स्वरवाक्ये काढी. दक्षिणेत, मिसिसिपीच्या कापूस पिकवणाऱ्या सखल प्रदेशात, स्वस्त पोलादी अंगाच्या एकशंकू गिटारी पोचल्या. तिथे त्यांना नवेच काम मिळाले. एकटा माणूस चौकात किंवा शनिवार रात्रीच्या गर्दीत गातो आहे. साथीला कोणी नाही. त्याला ताल हवा, आधार हवा, आणि ओळ गाऊन झाल्यावर उत्तर देणारा दुसरा कंठही हवा. धातूची गिटार आणि तारेवर सरकणारी काच यांनी त्याला हे तिन्ही दिले. गायक ओळ अर्धी सोडतो आणि गिटार ती पुरी करते, ही ब्लूज गाण्यातील रीत ज्यांनी ऐकली असेल त्यांना हे सांगण्याची गरज नाही.

तारेवर काही सरकवण्याची ही कल्पना मिसिसिपीत कोठून आली? येथे अभ्यासकांत मतभेद आहेत. संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी याने १९४१ च्या आत्मचरित्रात एक आठवण दिली आहे. १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतील टटवायलर या स्थानकावर एक फाटक्या कपड्यांतील कृष्णवर्णीय माणूस गिटारीच्या तारांवर सुरी दाबून वाजवत होता. हँडीने स्वतःच या रीतीची तुलना हवाईच्या वादकांशी केली. भिंतीला खिळ्यांनी एकच तार ताणून ती बाटलीने वाजवण्याचा खेळ कृष्णवर्णीय मुलांत रूढ होता. त्याची मुळे आफ्रिकेत आहेत आणि ब्लूजची सरकती गिटार त्यातून आली, असे डेव्हिड इव्हान्स यांच्यासारखे अभ्यासक मांडत आले. जॉन ट्राउटमन यांनी २०१६ च्या आपल्या ग्रंथात हवाईच्या फिरत्या कलावंतांचे माप अधिक मोठे असल्याचे दाखवले. आमच्या मते दोन्ही धारा एकत्र मिळाल्या असण्याचा संभव अधिक. पण या वादातून एक गोष्ट नि:संशय पुढे येते. ज्याने टटवायलरच्या फलाटावर सुरी सरकवली, त्याचे नाव हँडीलाही ठाऊक नव्हते.

पाच वर्षांचे यश

इतिहासाचा विनोद असा की हे वाद्य ज्या कामासाठी केले, त्या कामात ते पाचएक वर्षांतच जुने झाले. आणि ते जुने करणारा माणूस बाहेरचा नव्हता. बोशाँने १९३१ मध्ये ॲल्युमिनियमच्या गोल अंगाची, लांब दांडीची, चुंबकाच्या साहाय्याने तारेचे कंपन विजेत बदलणारी गिटार सिद्ध केली. तिचे रूप पाहून लोकांनी तिला 'तळणीचा तवा' म्हटले. ती १९३२ पासून विक्रीला आली. जोडीला तोच रिकनबॅकर होता. ही विजेवरची गिटारही आडवी ठेवून, पोलादी दांडी सरकवून वाजवण्याचीच होती. जगभर पसरलेल्या विद्युत गिटारीचा पहिला यशस्वी अवतार हवाई हातासाठी झाला, हे सहसा कोणी सांगत नाही.

आवाज वाढवण्याचा प्रश्न विजेने सोडवला. धातूच्या गिटारीचे प्रयोजन तिथेच संपायला हवे होते. १९४०च्या दशकाच्या आरंभी, युद्धकाळात, तिचे उत्पादनही थांबले. जुन्या गिटारी गहाणवटीच्या दुकानांत आणि माळ्यांवर पडून राहिल्या. त्या परत आल्या त्या मोठ्या आवाजासाठी नव्हेत. त्यांचा तो किंचित खरखरीत, भांड्यावर नख मारल्यासारखा लगेच उमटणारा आणि लगेच विरणारा पोत लोकांना हवा होता. ज्याला कारागीर साधन मानत होते, तेच श्रोत्यांच्या दृष्टीने साध्य ठरले.

हे घडले १९६०च्या दशकात. जुन्या ध्वनिमुद्रिकांनी झपाटलेले तरुण हरवलेल्या गायकांना शोधू लागले. बुका व्हाइट हा गायक तुरुंगवास भोगून आल्यानंतर १९४० साली शिकागोत आपली काही सर्वोत्तम गाणी मुद्रित करून गेला होता आणि मग विस्मृतीत गेला होता. त्याच्या एका गाण्यात मिसिसिपीतील ॲबरडीन गावाचा उल्लेख होता. एवढ्या धाग्यावर १९६३ मध्ये दोघा तरुणांनी 'बुका व्हाइट, ब्लूज गाणारा म्हातारा, ॲबरडीन' अशा आशयाचा पत्ता घालून टपाल टाकले, आणि ते फिरत फिरत त्याला मिळाले. सन हाउस या गायकाने १९३० मध्ये मोजकी गाणी मुद्रित केली होती आणि पुढे तोही विस्मृतीत गेला होता. १९६४ मध्ये तो न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे सापडला. आपण शोधले जात आहोत याची त्याला कल्पनाही नव्हती. पुढच्या वर्षी त्याने पुन्हा ध्वनिमुद्रण केले. त्या काळातील चित्रफितींत तो धातूच्या नॅशनलवर झडप घालतो, डोळे मिटतो आणि मान मागे टाकतो. त्या दृश्यातूनच या वाद्याची आजची प्रतिमा घडली. १९८९ साली कॅलिफोर्नियात 'नॅशनल रेसो-फॉनिक' या कंपनीने अशा गिटारी पुन्हा नव्याने घडवायला घेतल्या. आज तर आशियातील कारखान्यांतूनही त्या निघतात आणि आपल्यासारख्या हौशी माणसाला परवडतात.

हाताला काय कळते

येथवरचे विवेचन ग्रंथांच्या आणि ध्वनिमुद्रणांच्या आधारे झाले. परंतु काही गोष्टी हातात वाद्य आल्यावाचून समजत नाहीत. गेल्या वर्षी आम्ही पोलादी अंगाची एक नवी एकशंकू गिटार घेतली आणि काचेची नळी करंगळीत चढवून स्लाइडचा अभ्यास सुरू केला. त्यातून जे उमगले ते इतिहासाच्या ओघातच नोंदवणे योग्य वाटते.

पहिली जाणीव वजनाची. चांगले तीन-साडेतीन किलो ओझे मांडीवर येते आणि थंडीत ते गारही लागते. दुसरी जाणीव अशी की तिथे लपवायला जागा नाही. लाकडी गिटार चुकलेल्या आघातावरही मायेचे पांघरूण घालते. हे वाद्य तोच आघात दुप्पट करून खोलीभर वाजवते. तिसरी जाणीव पडद्यांविषयीची. गिटारीवर धातूचे पडदे बसवलेले असतात, पण काच फिरू लागली की ते केवळ रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडांइतकेच कामाचे उरतात. तार पडद्यावर दाबायची नसते. काच पडद्याच्या धातूच्या अगदी वर, केवळ स्पर्शाने टेकवायची असते. सुताएवढे पुढे-मागे झाले की स्वर चढतो किंवा उतरतो. काचेच्या मागची बोटे तारांवर अलगद ठेवून नको तो गोंगाट दाबावा लागतो. थोडक्यात, डोळ्यांनी वाजणारे वाद्य येथे कानांनी वाजवावे लागते.

जुळणीचा विचार केला तर गंमत अधिकच वाढते. ब्लूजमध्ये ज्याला 'ओपन जी' म्हणतात ती जुळणी आपल्या भाषेत मांडली तर जाड तारेपासून पातळ तारेपर्यंत प, सा, प, सा, ग, प अशी होते. 'ओपन डी' म्हणजे सा, प, सा, ग, प, सा. तानपुऱ्याशी परिचय असलेल्या कानाला यात परके असे काही वाटत नाही. ब्लूजवाले या दुसऱ्या जुळणीला 'व्हेस्टापोल' म्हणत. हे नाव आले क्रिमियन युद्धातील सेव्हास्तोपोलच्या वेढ्यावरून. हेन्री वॉरल या संगीतशिक्षकाने एकोणिसाव्या शतकात त्या नावाची एक गिटाररचना छापली. ती दिवाणखान्यांतून खेड्यांत गेली आणि जाता जाता नाव झिजून जुळणीला चिकटले. भाषेच्या अभ्यासकाला शब्दांच्या अशा प्रवासाचे नवल वाटू नये. तरीही काळ्या समुद्रावरील एक युद्ध मिसिसिपीतल्या शेतमजुराच्या तारांत शिल्लक राहिले, हे कळल्यावर आम्ही काही क्षण थबकलो.

आपला कान आणि आपला मोह

एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड जाण्याला आपण मींड म्हणतो आणि ती आपल्या संगीताचा प्राण मानतो. साहजिकच स्लाइड गिटार ऐकताच भारतीय श्रोत्याच्या मनात येते, की हे तर आपलेच. या म्हणण्याला आधार आहेत. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने लिहिलेल्या 'संगीतरत्नाकरा'त एकतंत्री वीणेचे वर्णन आहे आणि तिच्या तारेवर बांबूची कांबी फिरवून स्वर काढण्याची रीत सांगितली आहे. विचित्रवीणेवर काचेचा गोळा फिरतो. दक्षिणेतील गोट्टुवाद्यावर लाकडाचा किंवा अन्य कठीण पदार्थाचा दांडा सरकतो. एकोणिसाव्या-विसाव्या शतकांच्या संधीवर त्याला प्रतिष्ठा देणारे तंजावर भागातील कलावंत होते तिरुविडैमरुदूरचे सखाराम राव. हे नाव ऐकून मराठी वाचकाचे कान टवकारले तर आश्चर्य नाही.

मोह पडावा अशी आणखी एक कथा आहे. केकूकूच्या आधी गेब्रिएल डॅव्हियन नावाचा, भारतात जन्मलेला तरुण होनोलुलूत अशाच रीतीने गिटार वाजवत असे, अशी एक आठवण हवाईत सांगितली गेली आहे. एका जहाजाच्या कप्तानाने त्याला पळवून नेले होते म्हणे. कथा आकर्षक आहे. पण एवढ्यावर देवगिरी ते होनोलुलू असा वंशवृक्ष काढणे शास्त्राला धरून होणार नाही. साहित्याच्या वर्गात आम्ही विद्यार्थ्यांना वारंवार सांगतो, की दोन कृतींतील साम्य हा प्रभावाचा पुरावा नव्हे. हाच नियम येथेही पाळला पाहिजे. मानवी कंठ घसरत, लहरत, रडत गातो. ज्या ज्या समाजाला आपल्या तारेने कंठासारखे बोलावे असे वाटले, त्या त्या समाजाने तारेवर काहीतरी सरकवून पाहिले. कोणी बांबू, कोणी काच, कोणी सुरी, कोणी रेल्वेचा खिळा.

सिद्ध करता येतो तो प्रवास उलट दिशेचा आहे. हवाईची गिटार विसाव्या शतकात भारतात आली आणि विशेषतः कलकत्त्यात रुजली. लाइए याच गावात वाढलेला टाउ मो हा वादक कुटुंबासह जगभर फिरत १९४०च्या दशकात काही वर्षे कलकत्त्यात राहिला. गार्नी निस आणि त्यांचे 'अलोहा बॉइज' यांनी त्याच शहरात ध्वनिमुद्रणे केली. पुढे सुनील गांगुली, बटुक नंदी यांच्या गिटारीवरील गीतांच्या तबकड्या घरोघर वाजल्या. हिंदी चित्रपटसंगीतात व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनी या आवाजाला कायमची जागा करून दिली. आमच्या पिढीने 'हवाईयन गिटार' हे शब्द रेडिओवरून ऐकले ते यामुळे.

रागसंगीतात तिला मानाचे पान मिळवून दिले जोधपूरच्या ब्रिजभूषण काबरा यांनी. ते उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्याबरोबर काबरांची गिटार आहे. त्या ध्वनिमुद्रिकेचे निर्माते होते एच.एम.व्ही.चे जी. एन. जोशी, म्हणजे मराठी भावगीताचे एक आद्य गायक. या लांबलचक कथेतील मराठी माणसाचा निर्विवाद वाटा कोणता, असे विचारले तर आम्ही शार्ङ्गदेवाआधी जोशींकडे बोट दाखवू. हवाईहून आलेल्या वाद्यासाठी त्यांनी आपल्या संगीताचे दार उघडे ठेवले.

त्यानंतर विश्वमोहन भट्ट यांनी गिटारीला तरफेच्या तारा जोडून मोहनवीणा केली आणि राय कूडर यांच्यासह केलेल्या 'अ मीटिंग बाय द रिव्हर'साठी १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळवला. नॅशनल गिटारींचा जाणकार आणि वादक बॉब ब्रोझमन याने म्हाताऱ्या टाउ मोंबरोबर त्यांची तरुणपणीची गाणी पुन्हा मुद्रित केली, आणि २००३ मध्ये कलकत्त्याच्या देबाशीष भट्टाचार्य यांच्यासोबत 'महिमा' ही ध्वनिमुद्रिका काढली. धातूची रेझोनेटर गिटार आणि भारतीय स्लाइड गिटार तीत समोरासमोर बसल्या आहेत. कोण आधी आणि कोण नंतर, असा हिशोब तिथे कोणी मांडत नाही.

मग स्वर कोणाचा?

पेटंटच्या कागदावर या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, हे आता स्पष्ट व्हावे. डोपेराने शंकू दिला आणि त्याच्या कारागिरीचे श्रेय त्याला आहेच. पण शंकू म्हणजे स्वर नव्हे. हवाईच्या मुलाने तार कशी बोलवायची ते दाखवले. मिसिसिपीच्या माणसाने तिला काय बोलायला लावायचे ते ठरवले. पहिल्याचे नाव उशिरा का होईना नोंदले गेले. दुसऱ्यांपैकी कित्येकांचे कधीच नोंदले जाणार नाही. प्राचीनत्वाचा दावा करून आपण या यादीच्या वर आपले नाव लिहू पाहतो, तेव्हा आधीच पुसट असलेली ही नावे आणखी पुसली जातात. आपल्या मींडेचा अभिमान बाळगावा. तिच्यामुळे आपल्याला इतरांचा विलाप लवकर कळतो, एवढाच त्या अभिमानाचा खरा उपयोग आहे.

जिज्ञासू वाचकांनी एका बैठकीत तीन गोष्टी ओळीने ऐकाव्यात, अशी आमची शिफारस आहे: १९२०च्या दशकाच्या अखेरीचा सोल होओपी, १९६५ चा सन हाउस आणि 'कॉल ऑफ द व्हॅली'मधील काबरा. पहिल्यात बेटांवरची चपळाई आहे, दुसऱ्यात प्रार्थनेपर्यंत पोचणारा आक्रोश, तिसऱ्यात पहाडी शांतता. तिघांच्या गिटारी निराळ्या, जुळण्या निराळ्या, दुःखेही निराळी. तारेवर सरकणारा तो हात मात्र ओळखीचा वाटतो.